राजकन्येच्या तरंगण्याविषयी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. चिऊ मारिओच्या व्हिडिओ गेममध्ये सुट्टीभर राजकन्या पीचच निवडते, दरी आली की बटण दाबून हवेत तरंगत पलीकडे जाते आणि वर ‘मी पडलेच नाही’ म्हणून मिरवते, याला खेळणे म्हणत नाहीत, असा तुझा आक्षेप आहे. मी तिला समज द्यावी अशी तुझी अपेक्षा दिसते. ती मी देणार नाही. या बाबतीत माझे मत तुझ्याहून बरेच वेगळे आहे आणि ते फोनवर घाईघाईने सांगण्यासारखे नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

राजकन्येचे हे तरंगणे चिऊसारख्या मुलांसाठी अलीकडे दिलेली सवलत आहे, असा तुझा समज असावा. ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचे आहे. 1987 साली मारिओचे खेळ काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने जपानमध्ये फुजी टेलिव्हिजनच्या एका महोत्सवाच्या निमित्ताने ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा खेळ काढला होता. त्यात इमाजिन नावाचा मुलगा, त्याची मैत्रीण लिना आणि इमाजिनचे आईवडील अशी चार पात्रे होती. जपानमध्ये आलेला मारिओचा दुसरा भाग अमेरिकेतल्या खेळाडूंना फार अवघड जाईल असे वाटल्यामुळे, पुढच्या वर्षी याच खेळातली माणसे बदलून तो तिकडे ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ म्हणून विकला गेला. इमाजिनच्या जागी मारिओ आला, तरंगणाऱ्या लिनाच्या जागी राजकन्या आणि दणकट बाबांच्या जागी राजकन्येचा बुटका सेवक टोड. मारिओचा भाऊ लुइजी याला जी सर्वांत उंच उडी मिळाली ती मूळ खेळात आईची होती, हे आपल्या घरात कोणाच्या लक्षात राहणार नाही म्हणून मुद्दाम नमूद करते.

त्या खेळात प्रत्येक गुणाची किंमत मोजावी लागते. जमिनीतून भाज्या उपटून शत्रूंवर फेकणे हा तिथला मुख्य उद्योग, आणि त्यात राजकन्या सर्वांत मंद. टोडची उडी सर्वांत तोकडी, पण तो भाजी झटक्यात उपटतो आणि ओझे घेऊनही त्याचा वेग कमी होत नाही, त्यामुळे वाळवंटातल्या भागात वाळू उपसत खाली उतरायची वेळ आली की त्याच्याइतके उपयोगी कोणी नाही. आपल्या घरी तुम्ही जो ‘थ्रीडी वर्ल्ड’ खेळता, त्यातही 2013 साली हीच विभागणी परत आणली गेली. तिथे पीच धावण्यात सर्वांच्या मागे असते, म्हणून पुढची नाणी तुझा टोड आधीच उचलतो आणि लेव्हल संपल्यावर मुकुट बहुतेक वेळा तुझ्याच डोक्यावर येतो. चिऊने त्याबद्दल माझ्याकडे कधी तक्रार केलेली नाही.

आता माझ्या आवडीविषयी. आमच्या वेळी कॉम्प्युटर क्लासमध्ये मास्तर बाहेर गेले की ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे खेळ सुरू होत असत. 1989 सालचा हा प्रिन्स जॉर्डन मेकनरने जवळजवळ एकट्याच्या बळावर घडवला होता. धाकट्या भावाचे धावणे-उडी मारणे चित्रित करून, त्यावरून त्याने राजपुत्राच्या हालचाली काढल्या होत्या. त्यामुळे तो पडद्यावर खऱ्या माणसासारखा वागतो, म्हणजेच एकदा झेप घेतली की बटण दाबून त्याला हवेत मागे-पुढे करता येत नाही. कड्यापर्यंत एकेक पाऊल जपून टाकायचे, अंतराचा अंदाज घ्यायचा आणि मग उडी मारायची. एका तासात राजकन्येला सोडवायचे असल्यामुळे घड्याळही मागे लागलेले असते. मला तो प्रकार आवडत असे, कारण सगळा निर्णय उडीच्या आधी घ्यावा लागे आणि नंतर फक्त परिणाम पाहायचा उरे.

मारिओचे वेगळे आहे. 1985 पासून त्याची उडी आपण बटण किती वेळ दाबून ठेवतो त्यावर लहान-मोठी होते आणि हवेत असतानाही त्याला थोडे इकडेतिकडे वळवता येते. इथे निर्णय उडी चालू असताना होतो. पीच तोच निर्णय आणखी पुढे ढकलते. ती हवेत थांबते, खालच्या फळ्यांची ये-जा पाहते आणि मग बटण सोडते. म्हणजे तिचा खरा प्रश्न उडी मारण्याचा नसून उतरण्याचा आहे, आणि चिऊ ज्या बारकाईने हलत्या फळीची वाट पाहते ती पाहिल्यावर तिला काहीच करावे लागत नाही असे मी म्हणू शकत नाही. सेगा कंपनीच्या ‘सॉनिक’ या वेगवान खेळात तर निर्णय कितीतरी आधी, उताराला लागतानाच घ्यावा लागतो, कारण त्या वेगात समोरचे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तो खेळ मला कधीच जमला नाही आणि आवडलाही नाही, पण तुझ्या बाबांना तोच आवडायचा.

राहता राहिला तुझा आवडता खेळ, ‘सेलेस्ट’. त्यातल्या मुलीला हवेत एकदाच, आठांपैकी कोणत्याही दिशेने झेपावता येते, आणि पाय जमिनीला लागल्याशिवाय किंवा वाटेतला स्फटिक मिळाल्याशिवाय पुन्हा ती संधी मिळत नाही. ‘इथे कोणी वाचवायला येत नाही’ हे तुझे वाक्य मला पाठ झाले आहे. पण 2018 मध्ये आलेल्या या खेळाच्या कर्त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, मुलीचा पाय कड्यावरून सुटल्यानंतरही काही क्षण खेळ तिला उडी मारू देतो, जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटणही लक्षात ठेवतो आणि डोके कोपऱ्याला आपटत असेल तर तिला हळूच बाजूला सरकवतो. तुला आजवर यातले काही जाणवले नाही, हेच त्या कारागिरीचे यश आहे. तेव्हा मदत चिऊलाही मिळते आणि तुलाही मिळते. तिची पडद्यावर दिसते आणि तुझी झाकलेली आहे, एवढाच फरक. शिवाय त्याच ‘सेलेस्ट’मध्ये वेग कमी करण्याची आणि हवे तर इजाच होऊ न देण्याची सोयही उघडपणे दिलेली आहे.

माझे सगळ्याच तरंगण्यावर प्रेम आहे असे मात्र समजू नकोस. 1992 च्या ‘कर्बी’ या खेळातला त्याच नावाचा गोळ्यासारखा नायक तोंडात हवा भरून हवा तितका वेळ उडत राहतो. नवशिक्यांना खेळता यावे या हेतूनेच तो रचला गेला होता हे मान्य आहे, तरी खालची जमीन नसली तरी चालेल अशी स्थिती आली की माझे मन त्यात रमत नाही. (पुढच्या वर्षीच्या खेळात गिळलेल्या शत्रूचे कसब उचलण्याची सोय आली, तेव्हा तो खरा मजेदार झाला.) त्याउलट मारिओच्या तिसऱ्या भागातली ती रकून नावाच्या प्राण्याची शेपटी मला फार प्रिय आहे. आधी लांब धाव घेऊन पडद्यावरची वेगाची पट्टी पूर्ण भरायची, मगच थोडा वेळ उडता येते आणि उतरताना शेपटी हलवली की पडणे मंदावते. उडायला मिळते, पण त्यासाठी मोकळी जमीन शोधावी लागते. यावरून मी कुठे उभी आहे ते तुला कळेल: तुझ्या आणि चिऊच्या मध्ये, पण चिऊच्या जरा जवळ.

दिवाळीत तू आलास की चौघे मिळून खेळू. लुइजी मी घेणार, कारण त्या उंच उडीवर माझा जुना हक्क आहे. बाबा मारिओ घेतील, कारण बाकीच्यांची वैशिष्ट्ये त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पीच चिऊकडेच राहील आणि त्यावर वाद नको. मांजराचा पोशाख मिळाला की सगळ्यांनाच भिंती चढता येतात, त्यामुळे तो कोणी घ्यायचा यावर काय ते भांडा. चौथा कंट्रोलर मध्येच बंद पडतो, येताना तुझा घेऊन ये.

तुझी,
आई