कोर्नातीचे गडगे

पुणे,
9 जुलै 2025

प्रिय विश्राम,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे आणि चार महिने मी तुला पत्र लिहिले नाही, फोनही केला नाही. तूही केला नाहीस. पण तुझ्या न करण्याला कारण होते आणि माझ्याजवळ संकोचाखेरीज काही नव्हते. आज लिहायला बसलो आहे तो जून महिन्यातल्या एका दिवसामुळे. त्या दिवसाची छायाचित्रे मी घरात सर्वांना दाखवली, सर्वांनी त्यांचे मनापासून कौतुक केले, आणि तरीही जे सांगायचे होते ते मला कुणालाच सांगता आले नाही, कारण ते समजायला आपला वरचा सडा, तो कातळाचा उघडा माळ, पायाखाली घातलेला माणूस हवा. माझी प्रकृती बरी आहे, साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे आणि शुभदाचा गुडघा आहे तसाच आहे.

मुक्ता म्युनिकला असते हे तुला ठाऊक आहे. तिने आम्हां दोघांना गाडीने क्रोएशियाच्या किनाऱ्यावर नेले आणि मुर्तेर नावाच्या बेटावर चार दिवस ठेवले. हे बेट तिस्नो गावाजवळच्या एका पुलाने जमिनीला जोडलेले आहे आणि शिडाची जहाजे जायची असली म्हणजे तो पूल वर उचलतात. मुर्तेरच्या धक्क्यावरून सकाळी नऊला बोट सुटते, कोर्नाती राष्ट्रीय उद्यानातल्या बेटांमधून दिवसभर फिरते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत येते. उद्यान 1980 साली जाहीर झाले. त्यात लहानमोठी 89 बेटे आणि खडक आहेत, आणि सुमारे 220 चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्रात तीन चतुर्थांशाहून जास्त नुसता समुद्र आहे.

बोट धक्क्यापासून सुटली, डिझेलचा वास आला, पायाखालची फळी थरथरू लागली आणि मला एकदम भाऊचा धक्का आठवला. मे महिन्याच्या सुट्टीत मुसाकाजी बंदरापर्यंतचा तो आगबोटीचा प्रवास, समुद्रातच आगबोटीतून पडावात उतरताना लहान मुलांना वरून खाली झेलणारे ते खलाशी, आणि तुझ्या आजीने टोपलीत लपवून आणलेला तो कोंबडा! जयगडच्या अलीकडे तो सुटला, सबंध डेकवर धावला आणि शेवटी एका भटजींच्या पडशीवर जाऊन बसला; तेव्हा ‘हा कोंबडा कुणाचा’ असे कप्तानाने विचारल्यावर आजीने शांतपणे तुझ्याकडे बोट दाखवले होते. मी हे मुक्ताला सांगितले आणि इतका हसलो की बोटीवरचे लोक वळून पाहू लागले. तुझी आठवण मी त्या दिवशी अशी हसत हसत काढली, आणि दुपारनंतर मला तुझ्याखेरीज काहीच सुचेना.

सांगतो. बाहेरच्या बाजूची बेटे खुल्या समुद्राकडे तोंड करून सरळसोट तुटलेली आहेत. त्या कड्यांना तिथले लोक ‘क्रुने’, म्हणजे मुकुट म्हणतात. क्लोबुचार बेटाचा कडा तर सुमारे 80 मीटर उंच आहे आणि बोट त्याच्या इतकी जवळून नेतात की मान मागे टाकून पाहावे लागते. माना नावाच्या बेटाच्या माथ्यावर पडक्या भिंती आणि कमानी दिसल्या. सगळे भराभर छायाचित्रे काढू लागले, तेव्हा आमच्या वाटाड्या मुलीने हसत सांगितले की हे अवशेष 1959 साली एका चित्रपटासाठी उभारलेले आहेत. सड्यावरचा प्रत्येक मोठा दगड ‘शिवकालीन’ म्हणून आम्हांला दाखवणारा तू तिथे असतास, तर त्या मुलीशी वाद घातल्यावाचून राहिला नसतास.

मग बोट आत वळली आणि मुख्य बेट, कोर्नात, समोर आले. विश्राम, मला वाटले मी झोपेत आहे. एकही झाड नसलेला, करडा, उन्हाने पांढुरका पडलेला लांबच लांब कातळ आणि त्यावरून समुद्राच्या काठापासून थेट माथ्यापर्यंत चढत गेलेले, माथा ओलांडून पलीकडच्या समुद्राकडे उतरणारे गडगे. एक नाही, दहा नाही. सबंध उद्यानात मिळून तीनशे किलोमीटरहून जास्त लांबीचे गडगे आहेत असे त्या मुलीने सांगितले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवलेला आणि मधल्या फटीत चिपा मारलेली, अगदी तुझे बाबा मारत तशी. त्यांच्या भाषेत त्याला ‘सुहोझिद’ म्हणतात; झिद म्हणजे भिंत आणि सुहो म्हणजे कोरडे, आपल्या ‘सुके’ या शब्दाचाच लांबचा भाऊ. ही नुसत्या दगडांनी भिंत रचण्याची विद्या 2018 साली युनेस्कोने आठ देशांचा मिळून वारसा म्हणून नोंदवली. ते ऐकले तेव्हा मी मनात म्हटले की भिकू गुरवाला आणि तुझ्या बाबांना हे कळायला हवे होते.

जमिनीची हकिगत तर आपल्याच घरातली वाटावी अशी आहे. कोर्नातवर कुणी कायमचे राहत नाही. ही बेटे पूर्वी झादर शहरातल्या जमीनदारांची होती आणि मुर्तेरची माणसे त्यांची कुळे म्हणून तिथे मेंढ्या राखत असत. एकोणिसाव्या शतकात या कुळांनी हळूहळू त्या जमिनी विकत घेतल्या, हिस्से पाडले आणि प्रत्येक हिश्श्याला गडगा घातला. आजही उद्यानातली बहुतेक जमीन मुर्तेरच्या कुटुंबांच्याच मालकीची आहे. ती राहतात मुर्तेरला आणि मेंढ्यांसाठी, ऑलिव्हच्या तोडणीसाठी बोटीने येऊन जातात. बेटावर तारात्स इथे देवी मरियमचे एक लहानसे देऊळ आहे आणि त्याच्या वर बायझंटाइन काळातला तुरेता नावाचा पडका किल्ला आहे. जुलैच्या पहिल्या रविवारी सगळे मालक आपापल्या बोटींतून तिथे जमतात. या वर्षी तो रविवार आणि आपली आषाढी एकाच दिवशी आली. मी टीव्हीवर पंढरपूर पाहत होतो आणि मन त्या बोटींभोवती, शिमग्याला पालखी नाचवायला येणाऱ्या आपल्या चाकरमान्यांभोवती फिरत होते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. दुपारी भाजलेला बांगडा आणि पाव खाऊन झाला होता, पोरे माशांची डोकी पाण्यात फेकत होती आणि समुद्रपक्ष्यांचा नुसता गलका चालला होता. त्या मुलीने कोर्नातच्या एका उताराकडे हात केला आणि तिचा आवाज बदलला. 30 ऑगस्ट 2007 रोजी त्या उतारावर वणवा लागला होता. झाडे नव्हतीच, गवत आणि झुडपे, एवढेच जळायला होते. विझवायला अग्निशामक दलाची माणसे हेलिकॉप्टरने उतरवली आणि त्यांतली तेरा जण आगीने घेरली गेली. सहा जागीच दगावली, सहा पुढे रुग्णालयात दगावली आणि एकटा वाचला. त्यांत कित्येक कोवळी पोरे होती. आग एवढी कशी भडकली यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झाले. मी तिला विचारले, नुसत्या गवतात? ती म्हणाली, नुसत्या गवतात.

तिथे बोट थांबत नाही. पुढे त्या जागी बारा क्रूस बांधले आहेत, तेही गडग्याच्याच पद्धतीने, नुसत्या दगडांचे, जमिनीवर आडवे, प्रत्येकी 25 मीटर लांबीचे. आणि ते स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी दगड वाहून रचले. आराखडा निकोला बाशिच या मुर्तेरच्याच वास्तुशिल्प्याचा होता. रात्री मुक्ताच्या फोनवर मी त्यांचे वरून घेतलेले छायाचित्र पाहिले. आपल्या सड्यावर कातळात कोरलेली ती जुनी चित्रे आहेत ना, पालथी पडून आपण ज्यांच्यावर खडूने रेघा ओढत असू, तशीच ती आकृती जमिनीला पाठ टेकून आभाळाकडे पाहत होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मार्च 2023 मध्ये वणवा आमच्या सड्यावरून तुझ्या बागेत उतरला तेव्हा तू, तुझा महेश आणि वाडीतली सात-आठ माणसे हातात डहाळ्यांचे ओले टाळे घेऊन रात्रभर आग झोडत होता. तुझ्या बाबांनी लावलेली चाळीस कलमे जळाली. दुसऱ्या दिवशी तू फोन केलास आणि मी काय म्हटले? मी म्हटले की विजेच्या तारेची ठिणगी पडली असेल, आणि वर नुकसानीची रक्कम विचारली. तू म्हणालास, ‘तुमच्या सड्यावरचं गवत पाच वर्षांत कुणी कापलं नाही, अनंता,’ आणि फोन ठेवलास. मी शुभदाला सांगितले की विश्राम पैशांवरून रागावला. तेव्हा मला खरोखर तसेच वाटले होते. त्या बोटीवर मला पहिल्यांदा उमगले की त्या रात्री तुम्ही सगळे कशातून परत आलात. तू झाडांसाठी रागावला नव्हतास. महेश तेव्हा बावीस वर्षांचा होता. वारा फिरला असता तर मी आज हे पत्र कुणाला लिहिले असते?

हेच मला सतावते आहे, आणि यात आणखी एक गुंता आहे तोही सांगतो. सातबाऱ्यावर आम्ही अकरा जण आहोत. सुरेश आणि ठाण्याचे सगळे जण सडा विकायला निघाले आहेत; एक दलाल घिरट्या घालतो आहे आणि संमतीपत्रावर माझी एकच सही राहिली आहे. खरे सांगतो, एप्रिलमध्ये मी सही करणारच होतो. माझ्या मनात आले होते की जमीन गेली की वणव्याची जबाबदारीही जाईल आणि तुला तोंड दाखवायला मी मोकळा होईन. हा विचार मी केला होता हे तुझ्यापासून लपवायचे नाही. पण कोर्नातला मी जे पाहिले ते आपल्याहून भिकार जमीन होती. तिथे पाऊस चुनखडीत मुरून जातो, ओढा नाही, गोडे पाणी टाक्यांत साठवावे लागते. आपल्या सड्यावर निदान चार महिने तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि गुडघ्यापर्यंत गवत माजते. तिथली माणसे समुद्र ओलांडून आपल्या दगडांची विचारपूस करायला जातात, आणि मी पुण्याहून एका रात्रीच्या एसटीवर असलेल्या सड्यावर आई गेल्यापासून पाय ठेवलेला नाही.

आपल्या मधल्या गडग्याचेही मला आठवले. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या आबांनी तो दीड हात तुमच्या बाजूला सरकवला असा तुझ्या बाबांचा दावा होता आणि आबांचा दावा नेमका उलटा. दोघे तीन वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत, आणि दर पावसाळ्यानंतर गडगा ढासळला की दोन्ही घरांची पोरे, म्हणजे तू आणि मी, एकत्र बसून तो रचत होतो. तू आतून, मी बाहेरून. दीड हाताचा निकाल मी आता देतो: आबांनीच सरकवला होता. मरण्यापूर्वी ते मला बोलले होते आणि मी तुला सांगितले नाही, हाही माझाच अपराध.

तेव्हा असे ठरवले आहे. मी सही करत नाही. माझा हिस्सा वेगळा मोजून मागतो आहे. सुरेश रागावेल, रागावू दे. दिवाळी झाली की मी येतो आणि महिनाभर राहतो. माझ्या बाजूचे सगळे गवत नोव्हेंबरात, वाळण्याआधी कापायचे. मजुरी माझी आणि भारे तुमच्या गोठ्याला. गडग्याला लागून आमच्या हद्दीत दहा हात रुंदीची जाळरेषा दर वर्षी साफ करायची आणि ते काम मी असेपर्यंत माझे. कलमांचे पैसे मी पुन्हा विचारणार नाही. चाळीस कलमांची रोपे मात्र मी आणणार, आणि खड्डे खणताना तू मला हाकलून दिलेस तरी मी जाणार नाही.

वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली का? महेशला रत्नागिरीत नोकरी लागल्याचे सुरेशकडून कळले, फार बरे वाटले. प्राजूला आशीर्वाद. तिच्या लग्नाची पत्रिका पोहोचली होती आणि मी आलो नाही, याबद्दल समक्षच बोलेन.

एक काम तेवढे कर. पाऊस जरा उघडला की गडग्यावर जाऊन ये आणि पाणंदीच्या कोपऱ्यावर तो किती हात ढासळला आहे ते मोजून मला कळव. दगड तिथेच आजूबाजूला पडलेले असतील तर चिरे विकत घ्यायला नकोत; आहेत त्यांतूनच रचू.

तुझा,
अनंता