फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते? संगणक फॉरमॅट करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, मशिनचे प्रोग्रॅम ‘डॉट एनसी’, ‘डॉट टॅप’ अशा फाइलींत असतात. घाईत कुणीतरी डबल क्लिक करतो, विंडोज विचारते ‘कशात उघडू?’, हाताला लागेल तो वर्ड निवडला जातो आणि ‘नेहमी’चे बटण दाबले जाते. मग त्या प्रकारची प्रत्येक फाइल वर्डमध्येच उघडते. सेव्ह करताना फाइलीचा प्रकार बदलला, तर जी-कोड, एम-कोडच्या (मशिनला द्यायच्या आज्ञांच्या) साध्या ओळींत वर्डची स्वतःची माहिती मिसळते आणि मशिन अलार्म देते. यावर ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. फॉरमॅटमध्ये कॅमचे (मशिनचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) सेटिंग, पोस्ट प्रोसेसर, टूल लायब्ररी सगळे जाते आणि मूळ दोष असतो फक्त ही फाइल कशात उघडायची या एका नोंदीचा.

अशा फाइलीला डिफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारा ठरलेला प्रोग्रॅम, नसलेलाच बरा. कधी ती नोटपॅडमध्ये बघायची असते, कधी सिम्युलेटरमध्ये. पण सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स इथे प्रोग्रॅम फक्त बदलता येतो. ‘कोणताच नको’ असा पर्याय मायक्रोसॉफ्टने दिलेलाच नाही. ही उणीव जुनी आहे आणि ती दूर व्हायला हवी.

तोवर सोपी युक्ती अशी. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलींची एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटचे ‘डॉट एनसी’सारखे भाग) दिसू द्यावीत. डेस्कटॉपवर रिकामी टेक्स्ट फाइल करून तिचे नाव ‘रिकामी डॉट ईएक्सई’ असे बदलावे. एक्स्टेन्शन लपलेले असेल तर नाव ‘डॉट ईएक्सई डॉट टीएक्सटी’ होते आणि युक्ती फसते. बहुतेकांचे इथेच चुकते. मग एनसी फाइलीवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर अ‍ॅप’, आणि संगणकावरून ही रिकामी फाइल निवडून ‘नेहमी’ करावे. उघडताना एरर येईल, येऊ द्यावी. शेवटी रिकामी फाइल डिलीट करावी. नेमलेला प्रोग्रॅमच उरला नाही, की विंडोज पुन्हा विचारू लागते. तेव्हा मात्र ‘फक्त एकदा’ हेच बटण दाबायचे, हे मशिनवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

अँटिव्हायरसने ती रिकामी फाइल अडवली तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदींचे कोठार, उघडावी. विंडोजचे बटण आणि आर दाबून ‘रेजएडिट’ उघडावे. एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइल-एक्स्ट्स असे उतरत ‘डॉट एनसी’वर यावे. आधी राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करावे, म्हणजे चुकले तर परत आणता येते. मग आतली ‘यूजरचॉइस’ एवढीच नोंद डिलीट करावी. ती निघत नसेल, तर तिच्या ‘परमिशन्स’मध्ये आपल्या नावासमोर ‘डिनाय’ असते, ते काढावे. नंतर लॉग ऑफ करून पुन्हा लॉग इन करावे.

पीडीएफच्या बाबतीत मात्र रजिस्ट्रीत हात घालू नये. नव्या विंडोजमध्ये पीडीएफ आणि ब्राउझरच्या नोंदींना जादा संरक्षण आहे. तिथे सेटिंग्जमधूनच हवा तो प्रोग्रॅम निवडावा.

डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट अचानक एकाच चिन्हाचे दिसू लागले आणि काहीही दाबले तरी तोच प्रोग्रॅम उघडू लागला, तर गोंधळ ‘डॉट एलएनके’ या शॉर्टकटच्या एक्स्टेन्शनचा असतो. लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि फॉरमॅटला तयार होतात ते यालाच. इथेही फाइल-एक्स्ट्समधल्या ‘डॉट एलएनके’खालची यूजरचॉइस तेवढी काढायची. रजिस्ट्रीच्या ‘क्लासेस रूट’ या दुसऱ्या विभागातल्या ‘डॉट एलएनके’च्या नोंदीला मात्र हात लावायचा नाही, ती गेली तर एकही शॉर्टकट चालणार नाही.

– संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर