स्वतंत्र प्रवास बिघडतो तो सांध्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवासावरच्या लेखांत काय पाहावे आणि कधी जावे हे भरपूर असते. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्याला तेवढे पुरते, कारण बाकीचे कंपनीचा माणूस पाहतो. स्वतः तिकिटे काढून, स्वतः मुक्काम ठरवून निघणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याचा प्रवास किल्ल्यावर किंवा संग्रहालयात सहसा बिघडत नाही. तो बिघडतो दोन विमानांच्या मध्ये, सीमेवरच्या खिडकीशी, नाहीतर अपरात्री उतरलेल्या स्थानकावर. टप्प्यांची माहिती मुबलक मिळते, टप्पे जोडणाऱ्या सांध्यांची जवळजवळ नाही. ही उणीव आपल्या दैनिकाने भरून काढावी, म्हणून हे पत्र.

सगळ्यात महाग पडणारा सांधा असतो दोन सुट्या विमानतिकिटांमधला. तिकिटे शोधून देणारी संकेतस्थळे वेगवेगळ्या कंपन्यांची दोन विमाने जोडून स्वस्त प्रवास दाखवतात. तो एकाच आरक्षणावर आहे की दोन स्वतंत्र तिकिटे नुसती शेजारी मांडली आहेत, हे पैसे भरण्याआधी पाहिलेच पाहिजे. एकच आरक्षण असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. सुट्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही. तिकीट बुडते, आणि परतीचा प्रवास त्याच तिकिटावर असेल तर तोही बहुधा रद्द होतो, कारण एका तिकिटावरचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात.

उशिराचे एक वेळ निभावेल, सामानाचे आणि व्हिसाचे निभावत नाही. सुट्या तिकिटांवर बॅगेला टॅग लागतो तो सहसा पहिल्या तिकिटाच्या शेवटापर्यंतच. मधल्या विमानतळावर इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरायचे, बॅग घ्यायची, कस्टममधून बाहेर यायचे, वेळ पडल्यास टर्मिनल बदलायचे आणि पुन्हा चेक-इन करायचे. आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर साधारण एक तास आधी बंद होते. शिवाय त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तो हवाच. विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणाऱ्याला जी सूट असते, ती इथे लागू होत नाही, आणि व्हिसा नसेल तर निघतानाच अडवतात. यातून वाट काढायची तर फक्त हातातले सामान घ्यावे आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच काढून ठेवावा. मात्र ती दुसरी कंपनी कागदपत्रे तपासायला काउंटरवर बोलावत नाही ना, हे विचारून घ्यावे. नाहीतर मधल्या देशाचा व्हिसा काढून तिथे एक रात्र राहावे. दोन्ही जमत नसेल तर थोडे जास्त देऊन एकच आरक्षण करावे. बहुतेक वेळा शेवटी तेच स्वस्त पडते.

विमान बदलायला किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळापुरते ठरलेले असते आणि एका आरक्षणावरचे प्रवास त्या हिशेबाने विकले जातात. सुट्या तिकिटांना तो हिशेब लावू नये. चार-पाच तास ठेवावेत, आणि पुढचे विमान दिवसातून एकदाच असेल तर अख्खी रात्र. परतीलाही हेच. बेटावरची आणि डोंगरी विमानतळांवरची लहान विमाने ढग व वारा पाहून उडतात. घरी नेणारे विमान ज्या दिवशी आहे, त्याच दिवशी तिथून निघण्याचा बेत करणे म्हणजे सगळा प्रवास हवामानावर सोडून देणे.

मध्यरात्रीच्या विमानांत वेगळाच घोटाळा होतो. तिकिटावर १२ तारीख आणि ००.१५ ही वेळ असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री नऊच्या सुमारास पोचायचे असते. १२ च्या रात्री गेलेल्याचे विमान आदल्या रात्रीच उडालेले असते. खोलीचे आरक्षणही याच ठिकाणी चुकते. पहाटे तीनला पोचणाऱ्याने आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी आणि पोचण्याची वेळ लेखी कळवावी. नाहीतर पाहुणा आला नाही असे समजून खोली दुसऱ्याला दिली जाते.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट समजली की बाकीच्या उलगडतात. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणणे विमान कंपनीच्या गळ्यात पडते, आणि अनेक देश वर दंडही करतात. म्हणून खरी तपासणी निघतानाच्या काउंटरवरच होते. तिथला कर्मचारी टायमॅटिक या माहितीसंग्रहात त्या देशाचे नियम पाहतो आणि त्यात जे लिहिले आहे तेच चालते. वाद घालून उपयोग नसतो. काही विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हीच माहिती प्रवाशालाही पाहता येते. तिकीट काढण्याआधी तिथे आपले नागरिकत्व, मधले थांबे आणि शेवटचे ठिकाण भरून पाहावे. पुढच्या प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते का, हेही तिथेच कळते. एकतर्फी तिकिटावर निघणारे बहुधा याच मुद्द्यावर अडकतात.

पासपोर्टची मुदत पुष्कळ देशांना पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने लागते. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम निराळा आहे. तिथून निघण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. तिकिटावरचे नाव छायाचित्राच्या पानावर तळाशी ज्या दोन यंत्रवाचनीय ओळी असतात, त्यांच्याशी जुळवावे. आडनावाची जागा रिकामी असलेल्या पासपोर्टधारकांनी विशेष जपावे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अशा प्रवाशांना पर्यटक म्हणून प्रवेश देण्यावर निर्बंध आणले होते.

शेंगेनमधले दिवस मोजतानाही चुका होतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, याचा अर्थ मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरायचे. ३ तारखेला येऊन १० ला गेलेल्याचे आठ दिवस होतात, सात नव्हेत. व्हिसावर याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच खरे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मध्ये ब्रिटन किंवा अल्बानिया करून परत शेंगेनमध्ये शिरता येत नाही, मग दिवस कितीही शिल्लक असोत. दिवस वाचवण्यासाठी मध्ये क्रोएशियात राहावे असा सल्ला जुन्या लेखांत अजून वाचायला मिळतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. बल्गेरिया आणि रोमेनियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. तारीख नसलेला प्रवासलेख घातक ठरतो तो असा. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचेही तेच. तिचे प्रमाणपत्र दहा वर्षांनी संपते असे अजून सांगितले जाते, पण ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध धरले जाते. नव्याने लस घेणाऱ्याचे प्रमाणपत्र मात्र दहा दिवसांनी लागू होते, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात घेतलेली लस सीमेवर कामाची नाही.

उंचीच्या बाबतीत मात्र जीवाशी गाठ असते. स्वतः आखलेल्या कार्यक्रमात दिवस मोजके असतात, आणि विमान थेट उंचावर नेऊन सोडते. बोलिव्हियातल्या ला पाझचा विमानतळ ४००० मीटरहून उंचावर आहे, पेरूतले कुस्को सुमारे ३४०० मीटरवर. कुस्कोला उतरल्यावर पहिल्या दोन रात्री तिथे न काढता खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, ओयांतायतांबोला सुमारे २८०० मीटरवर काढाव्यात आणि शहर परतताना पाहावे. खर्च तोच आणि विरळ हवेचा त्रास बराच कमी. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला यायला हरकत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे अशी लक्षणे असतील तर आणखी वर जाऊ नये. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, सोबत घेऊन लगेच खाली उतरायचे. अशा वेळी एकट्याला खोलीत झोपवून ठेवणे ही सर्वांत वाईट चूक. अ‍ॅसिटाझोलामाइड ही प्रतिबंधक गोळी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावी. ती घेतली म्हणून दिवस वाचवू नयेत.

विमा काढताना याच उंचीचा आकडा शोधावा. अनेक पॉलिसी ठरावीक मीटरच्या वरचा ट्रेक वगळतात, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च तेव्हा स्वतःच्या खिशातून जातो. दुसरी मोठी मेख दुचाकीची. भाड्याने मोपेड देणारा परवाना विचारत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनी विचारते. मूळ परवान्यावर दुचाकीचा वर्ग नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर तो येत नाही, आणि मूळ परवाना जवळ नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याला किंमत नाही. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी फोन करावा. चोरीसाठी पोलिसांचा लेखी अहवाल बहुतेक पॉलिसींना २४ तासांच्या आत लागतो.

लहानसहान गोष्टींपैकी दोनच सांगतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी, आणि तिची क्षमता वॅट-तासांत काढावी. तिच्यावरच्या मिलिअँपिअर-तासांना (mAh) ३.७ ने गुणून हजारने भागले की २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची निघते. १०० पर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावर बंदी आहे. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. आणि परदेशात कार्ड चालवताना यंत्र ‘तुमच्या चलनात रक्कम आकारू का’ असे विचारते, तेव्हा नकार देऊन स्थानिक चलन निवडावे. यंत्राचा मालक लावतो तो दर जवळजवळ नेहमीच बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो.

आपल्याला विनंती एवढीच, की प्रवासलेखासोबत एक छोटी चौकट छापावी. त्या ठिकाणी पोचवणाऱ्या शेवटच्या बसची किंवा गाडीची वेळ आणि ती सुटीच्या दिवशी बदलते का. मधल्या थांब्याला व्हिसा लागतो का. मुक्कामाची समुद्रसपाटीपासूनची उंची. जवळचे एटीएम आणि रुग्णालय किती अंतरावर आहे. आणि ही सगळी माहिती कोणत्या तारखेला तपासली ती तारीख. जागा कमी पडत असेल तर एक छायाचित्र कमी छापावे.

आपला,
एक नियमित वाचक