व्यसनमुक्ती केंद्रांत मुलांमुलींचा वेगळा विचार हवा

महोदय,

नागपुरात अमली पदार्थांची चर्चा होते ती बहुतेक एमडीच्या (मेफेड्रोन या रासायनिक अमली पदार्थाच्या) जप्तीपुरती. शाळकरी मुलांच्या हाती दिसतो तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, आणि रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांच्या हाती नशेसाठी हुंगायचे सोल्युशन. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या नशेच्या पदार्थांच्या वापराच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मुलांचे प्रमाण मोठ्यांहून अधिक असलेला तेवढा एकच प्रकार त्यात होता. (अल्पवयीनाला तंबाखूजन्य पदार्थ देणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे, हे किती पानठेलेवाल्यांना ठाऊक असेल?)

या मुलांना आपण पाठवतो त्या व्यसनमुक्ती केंद्रांची घडी मात्र दारू पिणाऱ्या प्रौढ पुरुषाला समोर ठेवून बसलेली आहे. मुलीचे व्यसन घरचे लोक लग्नाच्या काळजीने शक्य तितके झाकून ठेवतात, त्यामुळे ती उपचारांपर्यंत पोहोचते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आणि पोहोचल्यावरही तपासणीच्या वेळी, रात्री, मासिक पाळीच्या दिवसांत तिने कोणाला हाक मारायची, याचे उत्तर अनेकदा तयार नसते. वास्तविक हे उत्तर कायद्यात आहे. व्यसनाशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत येते. त्याच्या कलम ८७ नुसार दाखल झालेल्या अल्पवयीनाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, त्याच्यासोबत नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा सोबती राहावा लागतो, आणि मुलीचा प्रतिनिधी पुरुष असल्यास तिच्याजवळ महिला सोबती पूर्ण मुक्काम असावीच लागते. दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणेही बंधनकारक आहे.

मुलग्यांची उपेक्षा वेगळ्या तऱ्हेची आहे. चिडलेल्या, अंगावर धावून येणाऱ्या मुलाला शिस्त लावली जाते. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल का, हे सहसा कोणी विचारत नाही. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, आपले समुपदेशन मात्र करते. तृतीयपंथी ओळख सांगणाऱ्या किशोरवयीनाला कोणत्या कक्षात ठेवायचे, हा निर्णयही त्याच्याशी बोलूनच व्हावा. तो पहारेकऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

जिल्हा प्रशासन आणि महिला व बालविकास विभागाने शहरातील केंद्रांची तपासणी करताना खाटा मोजून थांबू नये. रात्रपाळीचा हजेरीपट पाहावा, मंडळाला कळवल्याच्या नोंदी मागवाव्यात आणि मुलांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलावे. केंद्रातून घरी गेलेली मुलगी पुन्हा शाळेत गेली की तिचे लग्न ठरवले गेले, याची विचारपूस बाल कल्याण समितीच्या मदतीने निदान वर्षभर चालू राहावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आपली,
एक समुपदेशक, धरमपेठ, नागपूर