रविवारच्या वाचनबैठकीची आठवण

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी ११ ऐवजी १० वाजता जमायचं आहे. ११ नंतर खोली दुसऱ्यांना दिली आहे. पुस्तक तेच, चिनी लेखक शेन त्सोंगवेन यांची १९३४ सालची कादंबरी 'बॉर्डर टाउन'. जेमतेम दीडशे पानांची, त्यामुळे "वेळ मिळाला नाही" चालणार नाही!

कथा चीनच्या हुनान प्रांताच्या पश्चिमेकडल्या चादोंगची. गाव नदीकाठचं, आसपास डोंगर आणि मियाओ या डोंगराळ भागातल्या जमातीची वस्ती. पन्नास वर्षं तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी नाव, चालवणारा म्हातारा, त्याची नात त्सुईत्सुई आणि एक पिवळा कुत्रा. गोष्टीपेक्षा त्या तरीकडे नीट बघा. नाव दोराला धरून ओढत पलीकडे न्यायची. पगार गाव देतं, म्हणून म्हातारा उतारूंकडून पैसे घेत नाही. कुणी बळेच टाकलेच, तर त्याचा चहा आणि तंबाखू आणून उतारूंनाच देतो. मला वाटतं, लेखकाचा सगळा गाव या एका व्यवहारात आहे.

"फार गोड रंगवलंय" असं दोघांनी आधीच कळवलंय. भांडू या. फक्त वादळाच्या रात्रीचं प्रकरण वाचून या.

लेखकाने १९४९ नंतर कथालेखन जवळपास सोडलं आणि संग्रहालयात जुन्या चिनी वेशभूषेचा अभ्यास केला. त्यावर शेवटी दहा मिनिटं बोलू.

गटाच्या दोन प्रती अजून कुणाकडे तरी अडकल्या आहेत, त्या घेऊन या. पेन्सिलीच्या खुणा खोडून, कृपया. चहा आहे, खाऊ ज्याने त्याने आणावा.