'दूध पुरत नाही' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्ताने हे सगळं जवळून बघितलं म्हणून लिहितेय. बाळ रडलं रे रडलं की खोलीतला प्रत्येक माणूस 'दूध पुरत नाही वाटतं' म्हणतो, अगदी बघायला आलेल्या शेजारणीसुद्धा, आणि ती पोरगी आधीच टाक्यांनी बेजार, झोप नाही, मग तिलाही तेच खरं वाटायला लागतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो थोडाच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं हे तिला आधी कोणी सांगतच नाही. मग येतो पावडरचा डबा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं, वरचं पाजलं की ओढणं कमी आणि दूधही कमी. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर द्या (मीही दिले), पण बाळाला नीट छातीशी कसं लावायचं हे दाखवायला वॉर्डात दहा मिनिटं कोणी बसलं तर जास्त फरक पडतो.

आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये 1989 पासून मिल्क बँक (इतर आयांनी दिलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवतात ती) आहे, डबाबंद दुधाच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे, 2017 पासून 26 आठवड्यांची रजाही आहे. पण रजा संपल्यावर ऑफिसात दूध काढायला जागा कुठली, तर टॉयलेट! पालिकेने आणि कंपन्यांनी निदान दाराला कडी असलेली एक खोली तरी द्यावी.

– एक सासूबाई, लालबाग