आर नदीच्या पैलतीरी

नाशिक,
१२ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नातवंडांच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या जादूगाराच्या गोष्टी मी अजून उशाशी घेऊन निजतो, म्हणून तू माझी चांगलीच फिरकी घेतली आहेस. आता माझेही ऐकून घे.

अमेरिकन लेखिका उर्सुला ली ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेचे पहिले पुस्तक १९६८ साली निघाले. थोड्या मोठ्या मुलांसाठी काही लिहा, असे प्रकाशकाने सुचवले तेव्हा त्यांना प्रश्न पडला, की गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात, मग तरुणपणी ते काय करत होते आणि ही विद्या शिकले तरी कुठे? त्यांनी आधी बेटांचा नकाशा काढला आणि मग गोंट बेटावर आईविना वाढलेल्या, शेळ्या राखणाऱ्या एका सावळ्या पोराची गोष्ट सांगितली.

त्या जगातली नावांची रीत मला सर्वांत भावते. प्रत्येक वस्तूला आद्य भाषेत एक खरे नाव असते आणि ज्याला ते ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव झाकून ठेवतात आणि चारचौघांत टोपणनावाने वावरतात. तेराव्या वर्षी मावशी या मुलाचे आईने ठेवलेले नाव काढून घेते, तो आर नदीच्या उगमाचे गार पाणी उघड्या अंगाने ओलांडतो, आणि पैलतीरी कुडकुडत पोहोचल्यावर गुरू ओगियन त्याचा दंड धरून कानात सांगतो: गेड. ते पान वाचताना मला दर वेळी धाकटीचे बारसे आठवते. आत्याने पाळण्यावर वाकून तिच्या कानात नाव सांगितले, पण नावरस नाव आजीने आम्हा मुलांना शेवटपर्यंत कळू दिले नाही.

पुढे रोक बेटावरच्या विद्यालयात, डिवचणाऱ्या एका सोबत्याला दाखवून देण्याच्या ईर्ष्येने, गेड मृतांच्या जगातून एका राणीला बोलावतो आणि त्या फटीतून सुटलेली सावली त्याचा चेहरा फाडते. इथून पुढे ना सैन्य, ना युद्ध. आधी सावली त्याच्यामागे आणि मग ओगियनच्या सल्ल्यावरून एका लहानशा होडीतून तो तिच्यामागे, एवढाच पाठलाग. कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हे पुस्तक उचलले तेव्हा मला आवडली ती फक्त होडी. पण चार लोकांत मी तुला ते लागट वाक्य ऐकवले आणि आपण दोन वर्षे बोललो नाही, त्या काळात ते पुन्हा हाती आले. तेव्हा मात्र ईर्ष्येचे ते प्रकरण मला एका बैठकीत वाचवले नाही.

एक तक्रार आहे. पहिल्या पुस्तकात बायकांच्या जादूला फारच कमी लेखले आहे. ली ग्विन यांनाही ते पुढे खटकले आणि १९७२ च्या तिसऱ्या पुस्तकानंतर तब्बल १८ वर्षांनी आलेल्या चौथ्यात शक्ती सरलेला गेड गावी परततो आणि गोष्ट होते ती टेनार या प्रौढ विधवेची. पुष्कळांना ते पुस्तक रुचत नाही. मला ते पहिल्याइतकेच थोर वाटते.

त्या समुद्रात शेवटी काय घडते, ते सांगत नाही. पहिला भाग उद्या स्पीड पोस्टाने धाडतो. नकाशाचे पान सुटले आहे, तेवढे जपून उघड.

तुझा,
श्रीधर